शेवटच्या फेरीचा हिशेब

मे महिना सरत आला, की वारणाकाठच्या मासेमारीचा हंगाम आवरता घेण्याची वेळ येते. समुद्रावर हा शेवट कायद्याने ठरवून दिलेला आहे. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस यांत्रिक नौकांना बंदी असते आणि तारीख पाहून नौका किनाऱ्याला लागतात. नदीवर अशी तारीख नसते. तेथे हंगाम संपतो तो पाण्यामुळे. पात्रात पाणी उरते ते डोहांत आणि बंधाऱ्यांच्या फुगवट्यात. मग वळीव कोसळतो, पाठोपाठ मृगाच्या सरी येतात आणि नदी गढूळ होऊन दुथडी वाहू लागते. त्याआधीच्या आठवड्या-दोन आठवड्यांत मासेमार शेवटच्या फेऱ्या मारून घेतात. पावसाळ्यातील रिकाम्या दिवसांची थोडीबहुत तजवीज याच फेऱ्यांतून व्हायची असते. म्हणून ती फेरी फसली, की घरात त्याची झळ बराच काळ जाणवते.

कोडोली हे पन्हाळा तालुक्यातील मोठे गाव. उत्तरेला वारणा, पलीकडे सांगली जिल्हा, शेजारी वारणानगरचा सहकाराचा पसारा आणि सभोवती नजर पोहोचेल तिथवर ऊस. या हिरव्या समृद्धीत नदीवर जाळे टाकणारा माणूस सहसा कोणाच्या नजरेत भरत नाही. भोई, कोळी अशा समाजांतील काही कुटुंबे आजही हंगामात नदीवर जातात. काहींची मोडकी नाव असते, बहुतेकांना ट्रकच्या हवा भरलेल्या ट्यूबवर बसूनच जाळे लावावे लागते. संध्याकाळी जाळे लावायचे, पहाटे काढायचे, मिळाले ते आठवडी बाजारात किंवा रस्त्याकडेला विकायचे. या व्यवसायाला भांडवल कमी लागते हे खरे. पण ते बुडाले तर भरून देणाराही कोणी नसतो.

हंगामाच्या शेवटी या साध्या व्यवहारात एकामागून एक विघ्ने येतात. उपसा जलसिंचनाच्या पंपांनी पाणी खाली गेलेले असते. नावेला तळ लागतो, जाळे गाळात आणि वाहून आलेल्या झुडपांत अडकून फाटते. दुपारनंतर वळिवाचा वारा सुटला, तर ट्यूबवर बसलेल्या माणसाला काठ गाठणे कठीण होते. कृष्णा आणि वारणेच्या पात्रात मगरींचा वावर आहे. त्यांची अंडी उबण्याचा काळही हाच, त्यामुळे घरट्याजवळ मादी अधिक आक्रमक असते. इतके करून जाळे वर काढावे, तर त्यात मरळ किंवा वाम क्वचितच आणि चिलापीच फार. हा मूळचा आफ्रिकेतील मासा १९५२ मध्ये भारतात आणला गेला. कमी प्राणवायूच्या, खराब पाण्यातही तो तग धरतो आणि वर्षातून अनेकदा पिले घालतो. मासेमाराच्या हाती मात्र त्याचे फारसे काही पडत नाही.

ही सारी विघ्ने मासेमाराच्या ओळखीची आहेत. त्यांच्याशी झुंजण्याची रीत त्याला पिढीजात ठाऊक आहे. जिच्यापुढे त्याचे काही चालत नाही, अशी आपत्ती वेगळीच असते. पहाटे नदीवर जावे आणि मासे आपणहून वर आलेले दिसावेत, पाण्याच्या पृष्ठभागावर तोंड उघडून हवा घेत, काठाला लागत, हाताने उचलता येतील असे. अशी बातमी गावात वाऱ्यासारखी पसरते. पाट्या, पोती, साड्या घेऊन माणसे नदीवर लोटतात आणि त्यांना तो दिवस पर्वणीचा वाटतो. जाळे घेऊन आलेला मासेमार तेवढा बाजूला उभा राहतो. आपला हंगाम संपला, हे त्याला कळून चुकलेले असते. त्या दिवशी बाजारात नदीचा मासा कोणी विकत घेत नाही, आणि पुढचे काही दिवस तर कोणी फुकटही नेत नाही.

हे कशामुळे घडते, यात गूढ काही नाही. पाण्यात विरघळलेल्या प्राणवायूवर मासा जगतो. २० अंश सेल्सिअस तापमानाच्या एक लिटर पाण्यात सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो. पाणी ३० अंशांवर गेले, की तो साडेसात मिलिग्रॅमच्या आसपास येतो. म्हणजे उन्हाळ्यात मुळातच हात आखडता असतो. जलचरांसाठी लिटरमागे किमान ४ मिलिग्रॅम प्राणवायू हवा, असे केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचे निकष सांगतात. अशा वेळी थोपलेल्या पाण्यात मैला, सांडपाणी किंवा मळीमिश्रित पाणी मिसळले, तर ती घाण कुजवणारे जिवाणू उरलासुरला प्राणवायू काही तासांत संपवतात. पहाटे परिस्थिती सर्वांत बिकट होते. रात्री पाणवनस्पती प्राणवायू तयार करीत नाहीत, उलट वापरतात. मासे पहाटेच वर का येतात, याचे उत्तर यात आहे.

यात बंधाऱ्यांचाही वाटा आहे. कोल्हापूर पद्धतीचा बंधारा ही या जिल्ह्याने महाराष्ट्राला दिलेली देणगी. पावसाळा संपला, की बरगे घालून पाणी अडवायचे आणि पुढचा पावसाळा तोंडावर आला, की ते काढायचे, ही त्याची साधी, स्वस्त आणि उपयुक्त रचना आहे. या बंधाऱ्यांनी हजारो एकर शेती भिजवली. परंतु वरच्या गावांची घाणही याच फुगवट्यात साठून राहते. मग बरगे काढले, की तळाचे कुजके पाणी एकदम खालच्या डोहात उतरते. वळिवाचा पहिला जोरदार लोंढाही हेच करतो. गटारात, ओढ्यात महिनोन्महिने साचलेले सारे एका रात्रीत नदीत येते. ज्या आठवड्यात मासेमार शेवटची फेरी मारतो, नेमका तोच हा आठवडा असतो.

वारणेच्या शेजारच्या नद्यांनी हे पुरेपूर भोगले आहे. पंचगंगेवर शिरोळ तालुक्यातील तेरवाड बंधाऱ्याजवळ मेलेल्या माशांचा खच पडल्याच्या बातम्या आता वाचकांच्या अंगवळणी पडल्या आहेत. सांगलीजवळ कृष्णेत २०२२ मध्ये आणि पुन्हा २०२३ मध्ये मोठ्या प्रमाणावर मासे मेले आणि प्रकरण राष्ट्रीय हरित लवादापर्यंत गेले. केंद्रीय मंडळाच्या २०२२ च्या अहवालात देशातील ३११ प्रदूषित नदीपट्टे नोंदले गेले; त्यांपैकी ५५ महाराष्ट्रात होते, म्हणजे कोणत्याही राज्यापेक्षा अधिक. त्या मानाने वारणेचे बरे चालले आहे. चांदोली धरणातून सोडलेले पाणी तिच्या पात्रातून वाहते आणि सांगलीजवळ हरिपूरला ती कृष्णेला मिळेपर्यंत मोठे शहर तिच्या काठावर नाही. तथापि, याच निश्चिंतीतून बेफिकिरी जन्माला येते.

मासेमाराचे नुकसान मूठभर कुटुंबांपुरते आहे, असे समजणाऱ्यांनी इचलकरंजीकडे पाहावे. पंचगंगेत मासे मरत होते, तेव्हा तो नदीकाठचा किरकोळ प्रश्न मानला गेला. २०१२ च्या उन्हाळ्यात त्या शहरात काविळीची मोठी साथ आली आणि अनेकांचे बळी गेले. पुढे शहराने पिण्याच्या पाण्यासाठी वारणेकडे मोर्चा वळवला. दानोळी येथून पाणी उचलण्याच्या योजनेला वारणाकाठाने कडाडून विरोध केला. नंतर दूधगंगेवरील सुळकूडची योजना पुढे आली, तर तेथील काठानेही विरोधाचा झेंडा उभारला. आपली नदी गमावलेले शहर शेजाऱ्याच्या दारात उभे राहते आणि शेजारी दार लावून घेतो, असा हा क्रम आहे. प्रत्येक टप्प्यावर पहिली सूचना मिळाली होती ती मेलेल्या माशांकडून. ती वाचण्याची तसदी कोणी घेतली नाही.

याहून गंभीर बाब हिशेबाची आहे. मे-जूनमध्ये डोहात टिकून राहिलेला मासा हा वर्षभराच्या मासेमारीतून आणि उन्हाळ्यातून वाचलेला, पूर्ण वाढ झालेला मासा असतो. आपल्या नद्यांतील बहुतेक देशी जाती पावसाळ्यात अंडी घालतात. नव्या पाण्याबरोबर त्या प्रवाहाच्या उलट दिशेने चढतात, उथळ जागी अंडी सोडतात. म्हणजे हंगामाच्या शेवटी मेलेला प्रत्येक मोठा मासा हा पुढच्या हंगामाचे बियाणे असतो. शेतकऱ्याचे उभे पीक जळाले, तर ते एका हंगामाचे नुकसान होते. पेरणीच्या तोंडावर घरातले बियाणेच जळाले, तर पुढच्या वर्षाचेही होते. डोहातील एका पहाटेत ही दोन्ही नुकसाने एकदम होतात. मोकळ्या झालेल्या जागेत सर्वांत आधी शिरते ती चिलापी. वर्षागणिक जाळ्यात चिलापीच का वाढते, या प्रश्नाच्या उत्तराचा एक धागा येथे सापडतो.

या नुकसानीची नोंद मात्र कोठेच होत नाही. मासे मेले, की पंचनामा होतो, पाण्याचे नमुने घेतले जातात, नोटीस निघते, क्वचित एखाद्या कारखान्याचे वीज-पाणी तोडले जाते. किती मासे मेले, कोणत्या जातीचे, त्या पट्ट्यात किती जण मासेमारी करीत होते, त्यांचा किती दिवसांचा रोजगार बुडाला, हे रकाने त्या कागदावर सहसा नसतात. दंड झाला तरी तो नदीच्या नावाने होतो आणि मासेमाराच्या हाती काही लागत नाही.

कायदा इतका आंधळा नाही. २०१० च्या राष्ट्रीय हरित लवाद कायद्यात नुकसानभरपाईच्या बाबींची अनुसूची आहे. जलचरांची हानी आणि व्यवसाय किंवा रोजगार बुडणे या दोन्ही गोष्टी तीत स्पष्टपणे नमूद आहेत. प्रदूषण करणाऱ्याने किंमत मोजावी, हे तत्त्वही त्याच कायद्यात आहे आणि भरपाईच्या अर्जासाठी पाच वर्षांची मुदत आहे. उलट १८९७ चा मत्स्यव्यवसाय कायदा पाहावा. मासे पकडण्याच्या किंवा मारण्याच्या हेतूने पाण्यात विष घालणाऱ्याला तो शिक्षा सांगतो. तेथे हेतू महत्त्वाचा. ओढ्यात औषध टाकून चार किलो मासे मारणारा पोरगा त्या कायद्याने गुन्हेगार ठरतो. रात्री नदीत घाण सोडून संपूर्ण डोह मारणाऱ्याचा ‘हेतू’ मासे मारण्याचा नसतो, म्हणून तो त्या कायद्याच्या कक्षेबाहेर राहतो. भरपाईचा मार्ग खुला आहे, परंतु तो चालायला कागद लागतात. नदीवरील मासेमाराकडे सातबारा नसतो, ठेक्याचा करार नसतो, बाजारातील विक्रीची पावती नसते. तलाव आणि जलाशय मच्छीमार सहकारी संस्थांना ठेक्याने दिले जातात, त्यांची दप्तरी नोंद असते. वाहत्या नदीवर जाळे टाकणारा बहुधा कोणाच्याच वहीत नसतो.

राज्य मंत्रिमंडळाने एप्रिल २०२५ मध्ये मत्स्यव्यवसायाला शेतीचा दर्जा देण्याचा निर्णय घेतला. कर्ज, वीजदर, विमा यांत शेतकऱ्याप्रमाणे सवलती मिळाव्यात, हा त्यामागील विचार स्वागतार्हच आहे. पण त्याचा सहज लाभ होईल तो शेततळे, पिंजरा किंवा ठेक्याचा तलाव असणाऱ्याला. ज्याचे शेत म्हणजे सर्वांची नदी, त्याला शेतकरी कसे ठरवायचे? या प्रश्नाचे उत्तर मिळाले नाही, तर नव्या दर्जाची फळे नदीकाठापर्यंत पोहोचणे अवघड आहे.

या प्रश्नात एकाच बाजूला आरोपी उभे करणे सोपे आहे, पण ते न्याय्य होणार नाही. कोडोलीसारख्या गावांचे अर्थकारण उसावर आणि कारखान्यांवर उभे आहे. मासेमाराच्या घरातीलही कोणी ऊसतोडीला, कोणी कारखान्यावर असू शकतो. शिवाय नदीत येणारी सारी घाण कारखान्यांची नसते. गावोगावची गटारे प्रक्रियेविना ओढ्याला आणि ओढा नदीला मिळतो, हे प्रत्येक ग्रामपंचायतीला ठाऊक आहे. शेतातील खते आणि कीटकनाशकेही पहिल्या पावसाबरोबर पाण्यात उतरतात. सर्वांचाच हात लागलेला असल्याने जबाबदारी कोणाचीच राहत नाही, आणि नेमका याचाच फायदा रात्री टाकी उघडणाऱ्याला मिळतो.

उपाय फार खर्चाचे नाहीत. बरगे काढण्यापूर्वी फुगवट्यातील पाण्याचा प्राणवायू मोजणे, तो कमी असेल तर बरगे एकदम न काढता टप्प्याटप्प्याने काढणे आणि त्या वेळी वरच्या धरणातून ताजे पाणी सोडणे, हे पाटबंधारे विभाग आणि प्रदूषण मंडळ यांना समन्वयाने करता येईल. मे आणि जून हे दोन महिने विशेष देखरेखीचे मानता येतील. नदीवरील मासेमारांची गावनिहाय नोंद ग्रामपंचायतीने ठेवली आणि पंचनाम्यात माशांची व रोजगाराची हानी लिहिली गेली, तर भरपाईच्या दाव्याला पाया मिळेल. काही डोह राखून ठेवण्याचा विचारही आपल्याला परका नाही. रायगड जिल्ह्यात काळ नदीवरील वाळणकोंडीचा डोह देवाचा मानला जातो. तेथील मासे कोणी पकडत नाही आणि त्यामुळे ते टिकून आहेत. जे श्रद्धेने साधले, ते ग्रामसभेच्या ठरावानेही साधता येईल.

वारणेचे पाणी अजून हातचे गेलेले नाही, हीच या काठाची जमेची बाजू आहे. पंचगंगेबाबत जे उशिरा सुचले, ते येथे वेळेवर करता येण्याजोगे आहे. वारा, मगर, फाटलेले जाळे यांमुळे शेवटची फेरी फसली, तर मासेमार नशिबाला बोल लावून पुढच्या हंगामाची वाट पाहतो. नदीच मेल्यामुळे ती फसली, तर वाट पाहायला पुढचा हंगाम उरत नाही. तेव्हा नुकसान त्याच्या एकट्याचे राहत नाही. त्याच नदीवर नळयोजना असलेल्या प्रत्येक गावाचे ते झालेले असते.