पर्समधला निळा पंप

मोबाइल, लिपस्टिक, स्कूटीची चावी आणि निळा पंप. माझ्या पर्समधली चौथी वस्तू कुणाला दिसता कामा नये, असा आईचा दंडक. आमच्या घरात दम्याला 'थोडीशी ॲलर्जी' म्हणतात. 'दमा म्हटलं की स्थळं परत फिरतात गं!'

डिसेंबरातला रविवार. निफाडचा पारा घसरला की नाशिकही कुडकुडतं. गंगापूर रोडवरच्या आमच्या घरी 'पाहुणे' आलेले. आईनं उदबत्ती लावलेली, माळ्यावरचा ठेवणीतला गालिचा अंथरलेला. थंडी, धूर, धूळ... फुल कॉम्बो! कांदेपोह्यांची डिश हातात असतानाच छातीत शिट्टी सुरू झाली. आई डोळ्यांनीच 'नको' म्हणाली. मी आत पळाले आणि ओट्याला टेकून दोन पफ घेतले.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी विचारलं, 'निळा पंप किती वेळा लागतो?'
'जवळजवळ रोज.'
'आणि दुसरा?'
मी गप्प. 'सवय लागेल' म्हणून तो मी केव्हाच बंद केला होता.

तर मंडळी, दम्यात श्वासनलिकांना आतून सूज असते. धूळ, धूर, परागकण, थंड हवा, साधी सर्दी, कशानंही त्या आवळतात, कफानं भरतात. 1950च्या दशकात पुण्यात दिसलेलं आणि आज जिकडेतिकडे माजलेलं गाजरगवतही काहींना पुरतं. मग पहाटेचा खोकला, छाती जड, जिन्यात धाप, श्वास सोडताना सूं सूं. निळा पंप आवळलेली नळी सैल करतो, पण सूज तशीच राहते. ती उतरवतो स्टेरॉइडचा पंप. म्हणूनच 'ग्लोबल इनिशिएटिव्ह फॉर अस्थमा' 2019पासून सांगतेय, मोठ्यांनी नुसत्या निळ्या पंपावर राहू नये.

आणि डोस? एका पफमध्ये सॅल्ब्युटामॉल 100 मायक्रोग्रॅम. 4 मिलिग्रॅमच्या गोळीत त्याच्या चाळीसपट! तरी आपण घाबरतो कुणाला? पंपाला.

आता दोन्ही पंप पर्समध्ये असतात. पुढच्या रविवारी पुन्हा पाहुणे आहेत. आईला स्पष्ट सांगितलंय, उदबत्ती नाही आणि पंप टीपॉयवर, पोह्यांच्या शेजारी. ज्यांना परत फिरायचं त्यांनी खुशाल फिरावं.

आई काही बोलली नाही. पण आज सकाळी बघते तर गालिचा घडी करून पुन्हा माळ्यावर गेलेला.