थकलेले घरभाडे आणि घरमालकाची भीड

घरभाडे एका दिवसात थकत नाही. पहिल्या महिन्यात ते लांबते. दुसऱ्या महिन्यात ‘पुढच्या पगारात दोन्ही मिळून देतो’ असे आश्वासन मिळते. तिसऱ्या महिन्यात जिन्यात गाठ पडली तरी दोघेही नजर चुकवतात आणि चौथ्या महिन्यात घरमालक वकिलाचा पत्ता शोधू लागतो. मधल्या तीन महिन्यांत जे बोलायला हवे होते, ते भिडेपोटी कोणीच बोललेले नसते. नाशिकसारख्या शहरात भाड्याचे बहुतेक तंटे या न बोललेल्या तीन महिन्यांतच जन्माला येतात, असे आमचे स्पष्ट मत आहे.

नाशिकचा घरमालक म्हणजे कोणी चाळींचा सम्राट नव्हे. नाशिकरोडच्या नोट मुद्रणालयातून वा ओझरच्या विमान कारखान्यातून निवृत्त झालेला, भविष्य निर्वाह निधीच्या पैशांतून इंदिरानगर किंवा पाथर्डी फाट्याकडे दुसरी सदनिका घेतलेला गृहस्थ तो. त्या सदनिकेच्या भाड्यावर कोणाची औषधे चालतात, कोणाच्या नातवाचे शिक्षण. समोरचा भाडेकरूही परका नसतो. सातपूर किंवा अंबडच्या कारखान्यात कंत्राटावर काम करणारा, जळगाव-धुळ्याकडून आलेला तरुण संसारी माणूस असतो. दोघांचेही महिन्याचे गणित काठावरचे आहे. म्हणूनच हा प्रश्न ‘धनिक विरुद्ध गरीब’ या ठरावीक चौकटीत बसवणे चुकीचे आहे. आपल्या चित्रपटांनी आणि काही पुढाऱ्यांनी तो त्याच चौकटीत बसवला, हा भाग वेगळा.

मग करावे काय? ठरलेल्या तारखेनंतर आठ-दहा दिवसांत भाडे आले नाही, तर घरमालकाने स्वतः जाऊन भेटावे. दूरध्वनीवर नव्हे, आणि सोसायटीच्या आवारात चार लोकांसमोर तर मुळीच नव्हे. कारण विचारावे. कंत्राटदार बदलला, दोन महिने पगार झाला नाही, घरात आजारपण निघाले, अशी कारणे खरी असतात आणि ती ताडूनही पाहता येतात. अशा माणसाला हप्ते बांधून द्यावेत. समजा नऊ हजार रुपये भाडे आहे आणि चार महिन्यांचे छत्तीस हजार थकले आहेत. तर चालू भाड्यासोबत दरमहा तीन हजार, म्हणजे वर्षभरात बाकी फिटते. मात्र हे तोंडी ठेवू नये. साध्या कागदावर थकबाकीची रक्कम, हप्ता आणि तारीख लिहून दोघांनी सह्या कराव्यात आणि मिळालेल्या प्रत्येक रुपयाची पावती द्यावी. पावती देणे ही कायद्याने घरमालकाची जबाबदारीच आहे. पण त्याहून महत्त्वाचे म्हणजे, पावत्यांचे पुस्तक नीट असेल तर पुढे हिशेबाचा वाद उरत नाही.

एप्रिल २०२० मध्ये टाळेबंदीच्या काळात राज्याच्या गृहनिर्माण विभागाने घरमालकांना किमान तीन महिने भाडेवसुली पुढे ढकलण्याची आणि त्या कारणाने कोणाला घराबाहेर न काढण्याची सूचना केली होती. वसुली पुढे ढकलणे म्हणजे भाडे माफ करणे नव्हे. तरीही हा फरक दोन्ही बाजूंनी विसरला जाऊ शकतो, आणि मग पुढे ढकललेल्या भाड्याचे भांडण होते. त्या वेळी ज्यांनी आकडा लिहून ठेवला, त्यांची वसुली सोपी झाली.

दुसरा प्रकार देऊ शकत असूनही न देणाऱ्याचा. नवी दुचाकी दारात उभी असते आणि भाडे विचारले की ‘डिपॉझिटमधून वळते करा’ असे उत्तर येते. इथे भीड कामाची नाही, कागद कामाचा आहे. आणि आपल्या मध्यमवर्गाचा कागद बहुधा कच्चा असतो. अकरा महिन्यांचा करार असेल तर नोंदणी लागत नाही, हा समज अजून घरोघरी आहे. महाराष्ट्रात तो साफ चुकीचा आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ मधील कलम ५५ नुसार भाड्याचा किंवा ‘लिव्ह अँड लायसन्स’चा प्रत्येक करार लेखी आणि नोंदणीकृत असलाच पाहिजे, मुदत कितीही असो. नोंदणीची जबाबदारी घरमालकावर आहे, न केल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड अशी शिक्षाही आहे. शिवाय नोंदणी नसेल, तर अटींबाबत भाडेकरू जे सांगेल ते, उलट सिद्ध होईपर्यंत, खरे धरले जाते. हजार-दोन हजार वाचवण्यासाठी मुद्रांकावर करार लिहून तिजोरीत ठेवणाऱ्याने स्वतःची बाजू स्वतःच दुबळी केलेली असते. आता ही नोंदणी संगणकावरून घरबसल्या होते. सबब उरलेली नाही.

नोंदणीकृत परवाना करार असेल, तर मुदत संपूनही राहते घर न सोडणाऱ्याविरुद्ध सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो. समन्स मिळाल्यापासून तीस दिवसांत त्याला बाजू मांडण्याची परवानगी मागावी लागते आणि ताबा देईपर्यंत दुप्पट दराने भरपाई देणे भाग पडते. मात्र जो खऱ्या अर्थाने भाडेकरू आहे, त्याच्या बाबतीत कलम १५ लागू होते. थकबाकीसाठी ताब्याचा दावा लावण्यापूर्वी लेखी नोटीस द्यावी लागते आणि ती मिळाल्यापासून नव्वद दिवस थांबावे लागते. दावा लागल्यानंतरही समन्स मिळाल्यापासून नव्वद दिवसांत त्याने सारी थकबाकी १५ टक्के सरळ व्याजासह भरली, पुढचे भाडे नियमित भरत राहिला आणि दाव्याचा खर्च दिला, तर त्या कारणावरून त्याला घराबाहेर काढता येत नाही. हे अनेकांना अन्यायाचे वाटते. पण नीट पाहिले, तर कायदा घरमालकाला त्याचे पैसे व्याजासह मिळवून देतो. हिरावून घेतो तो केवळ थकबाकीचे निमित्त करून घर रिकामे करवून घेण्याचा मार्ग. नोटीस पोचपावतीसह पाठवावी आणि उशीर करू नये, कारण तीन वर्षांपलीकडे गेलेली भाड्याची बाकी दाव्याने वसूल होत नाही.

नव्वद दिवस ज्यांना धीर धरवत नाही, ते मग नळ बंद करतात, विजेची जोडणी तोडायला लावतात, भाडेकरू गावी गेला की कुलूप बदलतात. कोणी ‘ओळखीची चार पोरे’ पाठवतो. हे केवळ असभ्य नाही, आतबट्ट्याचेही आहे. पाणी-वीज तोडणे हा याच कायद्याखाली गुन्हा आहे. जबरदस्तीने बाहेर काढलेला भाडेकरू सहा महिन्यांत दावा लावून ताबा परत मिळवू शकतो आणि त्या दाव्यात घर कोणाच्या मालकीचे, हा प्रश्नच येत नाही. शिवाय ज्या चार पोरांनी घर रिकामे करून दिले, ती उद्या त्याच घरमालकाच्या दारात उभी राहतात. २०२६-२७ च्या सिंहस्थाच्या निमित्ताने पंचवटी परिसरात अल्पमुदतीच्या चढ्या भाड्याचा मोह अनेकांना होणार आहे. किरकोळ थकबाकी पुढे करून जुन्या बिऱ्हाडाला हुसकावण्याआधी हे सारे ध्यानात घ्यावे.

आमच्या कार्यकर्त्यांना इथे करण्यासारखे पुष्कळ आहे. वस्तीतील ज्याच्या शब्दाला दोन्ही घरे मान देतात, असा एखादा वडीलधारा मध्ये बसला, तर निम्मे तंटे चहाच्या कपावर मिटतात. मिटलेला तंटा जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या लोकअदालतीत दाखलपूर्व प्रकरण म्हणून नोंदवून घ्यावा. लोकअदालतीच्या निवाड्याला दिवाणी न्यायालयाच्या हुकूमनाम्याचे बळ असते, त्यावर अपील नसते आणि हप्ता चुकल्यास अंमलबजावणी मागता येते. घर देतानाही आडनाव आणि जात विचारण्याऐवजी नोकरीचा कागद आणि मागच्या घरमालकाचा पत्ता विचारावा. आडनाव पाहून भाडे वसूल होत नाही.

जुन्या नाशकातील वाड्यांची गोष्ट मात्र निराळी. तिथे थकबाकी नाममात्र आहे, कारण भाडेच नाममात्र आहे. १९४७ च्या मुंबई भाडे कायद्याने १९४० सालची भाडी गोठवली ती दशकानुदशके तशीच राहिली; हे गोठवणे अवाजवी असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर १९९७ मध्ये स्पष्टपणे सांगितले. १९९९ च्या कायद्याने वर्षाला चार टक्के वाढ दिली; पण मुळातच चाळीस-पन्नास रुपये भाडे असेल, तर त्यात चार टक्के वाढवून वाड्याचे एक कौलही बदलत नाही. काही मालक भाडे घ्यायचेच नाकारतात, म्हणजे पुढे ‘थकले’ असे म्हणता यावे. न्यायालयात ही युक्ती टिकणे कठीण, कारण भाडे देण्यास जो तयार आणि राजी आहे, त्याला कायदा थकबाकीदार मानत नाही. दरम्यान पावसाळा येतो, महापालिकेची धोकादायक इमारतीची नोटीस येते आणि वाडा दोघांच्याही डोक्यावर तसाच उभा असतो.

२०११ च्या जनगणनेत देशाच्या नागरी भागात सुमारे १ कोटी ११ लाख घरे रिकामी आढळली. त्यांतली सारीच भाडेकरूच्या भीतीने बंद नाहीत. पण कुलूप लावलेली सदनिका दाखवून ‘नको ती कटकट’ म्हणणारा निवृत्त गृहस्थ आपल्या प्रत्येकाच्या परिचयात आहे. त्याच वेळी अंबडला रुजू झालेला तरुण एका खोलीत पाच जणांसह राहतो. केंद्राने २०२१ मध्ये आदर्श भाडेकरू कायदा राज्यांपुढे ठेवला. त्यात भाड्याच्या तंट्यांसाठी स्वतंत्र प्राधिकरण आणि स्वतंत्र न्यायालये यांची कल्पना आहे. महाराष्ट्राने तो कायदा शब्दशः उचलावा असे आम्ही म्हणणार नाही, वाड्यांतील जुन्या बिऱ्हाडांचा विचार त्यात वेगळा करावा लागेल. परंतु थकबाकीचा साधा दावा वर्षाच्या आत निकाली निघेल, एवढी व्यवस्था नाशिकसारख्या प्रत्येक जिल्ह्याच्या ठिकाणी उभी करणे शासनाला अशक्य नाही, आणि आपल्या आमदारांना हा प्रश्न विधिमंडळात मांडायला सांगणे आपल्याला तर मुळीच अशक्य नाही.