प्रागमधली बिनलग्नाची घरं

छत्रपती संभाजीनगरजवळच्या शेंद्र्यात २००१ साली चेक कंपनी स्कोडाच्या गाड्यांची जुळणी सुरू झाली आणि २००९ मध्ये तिची मालक असलेल्या फोक्सवॅगन समूहाचा चाकणचा कारखाना उभा राहिला. तेव्हापासून मराठी इंजिनियरांचं चेक देशात येणं-जाणं वाढलं. कुणाचा भाचा स्कोडाच्या म्लादा बोलेस्लावच्या कारखान्यात ट्रेनिंगला जातो, कुणाचा मुलगा तिकडेच राहतो. त्यांच्याबरोबर एक वाक्य इकडे हमखास येतं, ‘तिकडे लग्नबिग्न काही नसतं.’ बोलणाऱ्याच्या आवाजात काळजी असते, क्वचित हेवाही. आजचं सदर या वाक्यासाठी आहे. ते वाक्य अर्धंच खरं आहे आणि उरलेलं अर्धं आपल्याला फारसं माहीत नाही.

आधी त्यातला खरा भाग. चेक प्रजासत्ताकात आज जन्मणाऱ्या मुलांपैकी जवळपास निम्म्यांच्या आईबापांचं लग्न झालेलं नसतं. १९९० मध्ये हे प्रमाण दहा टक्क्यांच्याही खाली होतं. तेव्हा मुलगी एकविसाव्या-बाविसाव्या वर्षी बोहल्यावर चढत असे, आता पहिल्या लग्नाचं सरासरी वय तिशीला टेकलंय. २०१०च्या सुमाराला तर दर दोन लग्नांमागे एक घटस्फोट अशी गत होती, नंतर ते प्रमाण थोडं उतरलं. हे आकडे ऐकून आपल्याकडे लगेच निष्कर्ष निघतो की संस्कार सुटले, घर मोडलं. मला तो निष्कर्ष चुकीचा वाटतो, कारण घर कशावर उभं आहे हे त्यात पाहिलेलंच नसतं.

बिनलग्नाच्या जोडप्याला बाळ होणार असेल तर काय होतं ते बघा. दोघं गावातल्या जन्म-विवाह नोंदणीच्या कचेरीत जातात. ओळखपत्रं दाखवतात. नोंदणी करणाऱ्या बाईंसमोर बसून बाळाचा बाप कोण हे दोघं मिळून जाहीर करतात आणि सह्या करतात. बाळ पोटात असतानाच हे उरकता येतं. एकदा ही सही झाली की बापाला जबाबदारीतून सहज अंग काढून घेता येत नाही. पोटगी असो की वारसाहक्क, आईबापांचं लग्न झालं होतं का, हा प्रश्न मुलाच्या आड येत नाही. २०२४ पासून जन्मलेल्या बाळामागे घराला एकूण साडेतीन लाख कोरुना पालकभत्ता मिळतो. तो आईने घ्यायचा की बापाने, हे त्या दोघांनी ठरवायचं. लग्नाचा दाखला कुणी मागत नाही.

लग्नातलं मूल आणि लग्नाबाहेरचं मूल हा भेद मिटवला तो १९४९च्या कुटुंब कायद्याने. कायदा कम्युनिस्ट राजवटीचा होता. त्याच कायद्याने सरकारी कचेरीतलं लग्न सक्तीचं केलं आणि चर्चमधल्या लग्नाची कायदेशीर मान्यता काढून घेतली. ती मान्यता १९९२ मध्ये परत आली. म्हणजे बाळाला न्याय आणि श्रद्धेवर जबरदस्ती, दोन्ही एकाच कागदावर होतं. आणि ज्या लवकरच्या लग्नांना आज जुन्या पिढीचे संस्कार म्हणतात, त्यामागे मोठं कारण घराचं होतं. सरकारी फ्लॅटच्या रांगेत लग्न झालेल्या, मूल असलेल्या जोडप्याला पुढचा नंबर मिळे. सत्तरच्या दशकात नवविवाहितांना स्वस्त कर्ज मिळू लागलं आणि मूल झालं की त्यातला काही भाग माफ होई. एकविसाव्या वर्षी लग्न करणाऱ्या मुलीपुढे बऱ्याचदा दुसरी वाटच नव्हती. १९८९ मध्ये ती राजवट कोसळल्यानंतर शिक्षण, प्रवास, नोकरी असं सगळं खुलं झालं आणि लग्न आपोआप मागे सरकलं. त्यात नीती बिघडण्यासारखं काय आहे?

प्रेमाला मात्र चेक लोक मनापासून मानतात. १ मे रोजी आपण महाराष्ट्र दिनाचं झेंडावंदन करतो, तेव्हा प्रागच्या पेट्रशिन टेकडीवर कारेल हिनेक माखा या कवीच्या पुतळ्याशी जोडप्यांची गर्दी असते. फुललेल्या चेरीखाली मुलीचं चुंबन घ्यायचं, म्हणजे ती वर्षभर कोमेजत नाही, अशी समजूत आहे. गंमत म्हणजे याच मे महिन्यात लग्न करणं तिथे अशुभ समजतात. आपल्याकडे मात्र मेमध्ये कार्यालय मिळणं मुश्कील! माखाची ‘माय’ (म्हणजे मे महिना) ही काव्यकथा १८३६ची. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये त्याला आणि त्याची प्रेयसी लोरी हिला मुलगा झाला. लग्न व्हायचं होतं. नोव्हेंबरमध्ये माखा आजारी पडून गेला आणि लग्नासाठी ठरलेल्या दिवशी त्याला पुरलं. प्रियकर म्हणून तो संशयी होता, लोरीवर बंधनं घालणारा होता, हेही तितकंच खरं. राष्ट्राच्या लाडक्या प्रेमकवीच्या घरातही बाळ लग्नाआधीच आलं होतं, एवढं ध्यानात ठेवावं.

परक्या संस्कृतीतल्या माणसावर प्रेम करण्याचा प्रश्न याहून अवघड, आणि तिथे चेक समाज काही कायमचा उदार नव्हता. १८७८ मध्ये तोमाश मासारिकने ब्रुकलिनच्या शार्लट गॅरिगशी लग्न केलं आणि तिचं आडनाव आपल्या नावात घेतलं. पुढे तो चेकोस्लोव्हाकियाचा पहिला राष्ट्राध्यक्ष झाला. ही अभिमानाने सांगायची गोष्ट झाली. आता मिलेना येसेन्स्काची ऐका. काफ्काच्या पत्रांमुळे तिचं नाव मराठी वाचकाला ठाऊक असेल. तिचे वडील प्रागमधले नामवंत दंतवैद्य आणि कट्टर चेक राष्ट्रवादी. मुलगी जर्मन बोलणाऱ्या ज्यू अर्न्स्ट पोलाकच्या प्रेमात पडली, तेव्हा १९१७ मध्ये त्यांनी तिला वेलेस्लाविनच्या मनोरुग्णालयात ठेवलं. मुलगी जेमतेम वीस-एकवीस वर्षांची. दुसऱ्या वर्षी बाहेर आली, त्याच्याशीच लग्न केलं आणि व्हिएन्नाला निघून गेली. १९४४ मध्ये रावेन्सब्रुकच्या छळछावणीत तिचा अंत झाला. मुलीच्या निवडीला वेड ठरवणारा बाप आपल्याला परका नाही. म्हणून आज प्रागमध्ये दिसणारा मोकळेपणा मला त्या लोकांचा जन्मजात गुण वाटत नाही. तो मिलेनासारख्यांनी किंमत मोजून मिळवलेला आहे.

अलीकडचं एक नातं मला फार महत्त्वाचं वाटतं. चेक देशात व्हिएतनामी लोकांची मोठी वस्ती आहे. नव्वदच्या दशकात ते बाजारात टपऱ्या टाकून पहाटेपासून रात्रीपर्यंत राबत. मुलांकडे बघायला कोण? मग शेजारच्या चेक पेन्शनर बाईला पैसे देऊन ठेवत. ती मुलांना शाळेत सोडायची, अभ्यास घ्यायची, बटाट्याचं सूप वाढायची. मुलं तिला आजीच म्हणत. व्हिएतनामी आईबापांना धड चेक बोलता येत नसे आणि मुलं आजीच्या मांडीवर तिची भाषा शिकून मोठी झाली. त्या पिढीची आता लग्नं होतायत, बऱ्याचदा चेक जोडीदारांशी. दोन समाजांमधला आंतरपाट या म्हाताऱ्या बायांनी आधीच दूर केला होता.

सगळं गोड आहे असं मात्र मी म्हणणार नाही. बाळामागे तीन वर्षांपर्यंत रजा घेता येते, पण ती घेते बहुतेक वेळा आईच आणि नोकरीत मागे पडते तीही आईच. जोडपं वेगळं झालं की पोटगी बुडवणारे बापही आहेत. इतके, की २०२१ पासून सरकारला ठरावीक मर्यादेपर्यंत ती पदरची भरावी लागते. समलिंगी जोडप्यांना १ जानेवारी २०२५ पासून विवाहितांचे जवळपास सगळे हक्क मिळाले. पण त्या नात्याला विवाह म्हणायचं नाही आणि दोघांनी मिळून परकं मूल दत्तक घ्यायचं नाही, एवढं अडवून ठेवलंच. ज्या देशाने लग्नाविना घर मान्य केलं, त्याने इथे हात आखडावा हे मला पटत नाही.

आता आपल्याकडचा चेक सुनेचा किंवा जावयाचा प्रश्न. जोडप्याने प्रागला लग्न करायचं ठरवलं तर मराठी मुलाला जन्मदाखला आणि अविवाहित असल्याचा कागद लागतो, त्यावर अपोस्टिलचा शिक्का आणि कोर्टमान्य भाषांतर. शिवाय परदेशी नागरिकांचं काम पाहणाऱ्या पोलिस विभागाकडून कायदेशीर वास्तव्याचा दाखला. त्याला चेक येत नसेल तर समारंभात शपथबद्ध दुभाषा उभा राहतो. गळ्यात साखळी घातलेले नगराध्यक्ष प्रश्न विचारतात आणि दुभाषा सांगेल ते समजून मुलाने ‘हो’ म्हणायचं. मग मेजवानीच्या दारात बशी फोडतात आणि नवरानवरी मिळून तिचे तुकडे झाडून गोळा करतात. कागद पुष्कळ आहेत, पण या दोघांना परवानगी द्यावी का, असं कुणी शेजाऱ्यापाजाऱ्यांना विचारत नाही.

हेच लग्न पुण्यात विशेष विवाह कायद्याखाली करायचं म्हटलं तर दोघांची नावं, पत्ते लिहिलेली नोटीस विवाह अधिकाऱ्याच्या कचेरीत तीस दिवस लागते. कुणीही यावं, वाचावं, आक्षेप घ्यावा. कायदा १९५४चा, हेतू अत्यंत चांगला, पण या तीस दिवसांत आपल्याकडे काय काय होतं हे जातीबाहेर, धर्माबाहेर लग्न केलेल्या कुणालाही विचारा. मुलीच्या घरी निनावी फोन जातात, मामा-काका गाड्या घेऊन निघतात. आधीचं लग्न लपवलंय का, वय पुरं आहे का, हे कचेरीने कागदांवरून तपासावं. त्यासाठी दोन सज्ञान माणसांचे पत्ते भिंतीवर लावायची गरज नाही. ‘तिकडे लग्नबिग्न नसतं’ म्हणून काळजी करणाऱ्यांनी, इकडे ज्यांना लग्न करायचंच आहे त्यांच्यासाठी ही नोटीस काढून टाकायची मागणी आपापल्या आमदार-खासदारांकडे लावून धरावी.