पेपर मोबाइलवर आला, मामा घरी बसले

तुमच्या दारात अजून पेपर पडतो का? की चहासोबत मोबाइलच उघडता? मी राहते देवनहळ्ळीत, बेंगळुरूच्या विमानतळाजवळ. इथे माझ्या दारात मराठी पेपर येत नाही. गावाकडच्या बातम्या मी मोबाइलवर वाचते आणि पोटासाठी मोबाइलवरच लिहिते.

माझे मामा एका जिल्हा दैनिकात बावीस वर्षं प्रूफरीडर होते. 2020 च्या लॉकडाऊनमध्ये पेपरची पानं कमी झाली, मग ‘आता डिजिटलवर भर’ असं सांगण्यात आलं आणि मामा घरी बसले. हातात एका महिन्याचा पगार. खरं तर 1955 च्या श्रमिक पत्रकार कायद्याने प्रूफरीडरलाही पत्रकार मानलं होतं. कपात करायची तर संपादकाला सहा महिन्यांची आणि बाकीच्यांना तीन महिन्यांची नोटीस, अशी तरतूद होती. मामा कंत्राटावर होते, वाद घालायला गेलेच नाहीत. तो कायदा त्यांनी नंतर मला वाचून दाखवला, तोही त्यातली छपाईची चूक दाखवत!

ते एकटे नव्हते. 18 एप्रिल 2020 ला महाराष्ट्र सरकारने घरोघरी पेपर टाकायलाच बंदी घातली होती. छापा, पण वाटू नका. मे महिन्यात पुण्याच्या ‘सकाळ टाइम्स’ची छापील आवृत्ती बंद झाली. डिसेंबरात ‘पुणे मिरर’ बंद करायचं आणि ‘मुंबई मिरर’ दैनिकाचं साप्ताहिक करायचं जाहीर झालं. ही मोठ्या घराण्यांची नावं, म्हणून त्यांची बातमी तरी झाली. जिल्ह्याच्या पेपरातून कोण कधी गेलं, ते फक्त त्यांच्या घरच्यांना माहीत.

पेपरच्या चार-पाच रुपयांत कागद, शाई, एजंटचं कमिशन काहीच भागत नाही. खर्च निघतो जाहिरातींवर. मोबाइलवर वाचक वाढतात, पण तिथल्या जाहिरातींच्या पैशातला मोठा वाटा गूगल-फेसबुककडे जातो. मग कात्री लागते ती माणसांना: प्रूफरीडर, पान लावणारा, तालुक्याचा बातमीदार.

आणि इथे मी येते. नगरपालिकेच्या सभेला बसून एक बातमी आणायची तर बातमीदाराचा अख्खा दिवस जातो. मी घरी बसून, दुसऱ्यांनी आणलेल्या माहितीवर, दिवसाला चार-पाच मजकूर लिहिते. स्वस्त पडते. हे लिहिताना बरं वाटत नाही, पण तुमच्याशी खोटं कशाला बोलू?

मामांना हे एकदा सांगून टाकलं. रागावले नाहीत. “तुझं प्रूफ कोण बघतं गं?” एवढंच विचारलं. कोणीच नाही, म्हटलं. तेव्हापासून माझा लेख आला की व्हॉट्सॲपवर चुकांची यादी येते. मागच्या आठवड्यात सात होत्या.

हा लेख आधीच त्यांच्याकडे पाठवला होता. दोन वेलांट्या बदलून परत आला.