समजून घ्या : एसटीचे तिकीट मोफत, पण पायरी चढणार कशी? पायांची ताकद का जपायला हवी?

हात थकले तर कामे अडतात, पाय थकले तर माणूस घरात अडकतो. तरीही ‘आता वय झाले, बसून राहा’ हाच सल्ला घरोघरी दिला जातो. हा सल्ला प्रेमाचा असला तरी तोट्याचा का आहे?

राज्यातील ७५ वर्षांवरील ज्येष्ठांना २६ ऑगस्ट २०२२ पासून एसटीचा प्रवास मोफत झाला. ६५ ते ७५ वयोगटासाठी निम्मे तिकीट आहे. मुरूम, गुंजोटी, येणेगूर, नारंगवाडी अशा गावांतून बँक, बाजार किंवा दवाखान्यासाठी उमरग्याला येणाऱ्या ज्येष्ठांना या सवलतीचा मोठा आधार आहे. मात्र तिला एक न लिहिलेली अट आहे. गाडीची पहिली पायरी स्वतःच्या पायाने चढता आली पाहिजे.

घरातल्या जिन्याची पायरी साधारण सहा-सात इंचांची असते. एसटीची पहिली पायरी त्याहून बरीच उंच. तिच्यावर एक पाय ठेवला की पूर्ण शरीराचे वजन त्या एकाच पायाला वर उचलावे लागते. मांडीत ताकद नसेल तर दांड्याला धरून अंग ओढावे लागते, मागून कुणीतरी हात द्यावा लागतो. पुढे पुढे त्या गर्दीची आणि घाईची भीती वाटू लागते. मग बँकेचे काम नातवावर, औषध आणायचे शेजाऱ्यावर आणि लेकीच्या गावाला जाणे ‘पुढच्या वेळी’वर जाते.

म्हणून पायांचा व्यायाम हा जिममधल्या पोरांचा विषय नाही. म्हातारपणी कुणावर किती अवलंबून राहावे लागेल, हे त्यावर ठरते.

पायांना एवढे महत्त्व कशामुळे?

शरीरातील सर्वात मोठे स्नायू कंबरेखाली आहेत. मांडीचा पुढचा व मागचा भाग, नितंब आणि पोटऱ्या. उठणे, बसणे, चालणे, जिना चढणे, तोल सावरणे ही सगळी कामे हेच स्नायू करतात.

त्यांचे काम तेवढ्यावर संपत नाही. जेवणानंतर रक्तात आलेली बरीचशी साखर स्नायू शोषून घेतात. मोठे स्नायू कामात असतील तर साखर आटोक्यात ठेवायला मदत होते. आयसीएमआरच्या पाहणीनुसार देशात १० कोटींहून अधिक मधुमेही आहेत, हे २०२३ मध्ये समोर आले. अशा देशात मांडीचे स्नायू हा आरोग्याचाच प्रश्न ठरतो. पोटऱ्या आकुंचन पावताना पायातले रक्त हृदयाकडे वर ढकलतात. हाडांवर भार पडला तर हाडेही टिकतात. रजोनिवृत्तीनंतर महिलांची हाडे वेगाने विरळ होतात, त्यामुळे त्यांच्यासाठी हे आणखी महत्त्वाचे.

वयानुसार नेमके काय घटते?

तिशीनंतर दर दहा वर्षांत स्नायूंचे प्रमाण साधारण ३ ते ८ टक्क्यांनी घटते आणि साठीनंतर हा वेग वाढतो, असे मानले जाते. ताकद त्याहूनही वेगाने घटते. त्यातही झटक्यात जोर लावणारे स्नायूतंतू आधी कमी होतात. ठेच लागली की तरुण माणूस पटकन दुसरा पाय पुढे टाकून सावरतो. वयस्कर माणसालाही ठेच लागल्याचे कळते, पण पाय वेळेत पुढे जात नाही.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात दरवर्षी सुमारे ६ लाख ८४ हजार मृत्यू पडल्यामुळे होतात. त्यात सर्वाधिक प्रमाण साठीपुढच्यांचे आहे.

अंथरुणाला खिळल्यावर ही घट फार वेगाने होते. अमेरिकेत २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या अभ्यासात निरोगी ज्येष्ठांना दहा दिवस पूर्ण झोपून ठेवले गेले. तेवढ्यात त्यांच्या पायांतील सुमारे एक किलो स्नायुभार कमी झाला. आजारपणानंतर ‘दुखणे बरे झाले, पण आजोबा उठलेच नाहीत’ असे का होते, याचे उत्तर बहुतांशी इथे आहे.

‘राखीव ताकद’ म्हणजे काय?

पूल बांधताना त्यावरून रोज जाणाऱ्या वजनापेक्षा कितीतरी जास्त भार पेलेल अशी त्याची क्षमता ठेवतात. शरीराचेही असेच आहे. विशीतल्या माणसाला खुर्चीतून उठताना मांडीच्या एकूण ताकदीचा थोडासा हिस्सा पुरतो. बाकीची ताकद राखीव असते. सत्तरीत शरीराचे वजन तेवढेच असते, पण ताकद निम्म्यावर आली तर उठण्यातच बहुतेक ताकद खर्च होते. मग एखादा ताप किंवा शस्त्रक्रिया झाली की उठणेच बंद होते.

मराठवाड्याला हे वेगळे सांगायला नको. पावसाळ्यात तलाव किती भरला, यावर पुढचा उन्हाळा ठरतो. चाळिशी-पन्नाशीत पायांत किती ताकद साठवली, यावर सत्तरी ठरते.

शेतात राबणाऱ्यांना व्यायाम कशाला?

हा प्रश्न रास्त आहे. आयुष्यभर कष्ट केलेल्या अनेकांचे पाय शहरी माणसापेक्षा मजबूत असतात. पण खुरपणीला तासन् तास उकिडवे बसणे किंवा वाकून काम करणे यातून प्रामुख्याने दम आणि सहनशक्ती वाढते. तेच ओझे वर्षानुवर्षे राहिले तर ताकद वाढत नाही. शिवाय एकाच पद्धतीच्या हालचालीने गुडघे आणि कंबर झिजते.

शेतीही बदलली आहे. नांगरट ट्रॅक्टरने होते, शेतापर्यंत मोटारसायकल जाते. पंगतीच्या जागी टेबल-खुर्ची आली, उकिडवे बसण्याच्या जागी कमोड आला. दिवसातून पंधरा-वीस वेळा जमिनीवरून उठ-बस व्हायची. तो न मोजलेला व्यायाम बंद झाला. ज्यांचे गुडघे खराब आहेत, त्यांना या सोयी हव्याच. पण ज्यांचे चांगले आहेत, त्यांनीही जमीन सोडली, हा खरा तोटा आहे.

तरुणांचे चित्रही फार वेगळे नाही. पोलीस भरतीसाठी मुले १६०० मीटर आणि मुली ८०० मीटर धावण्याचा पहाटे सराव करतात. भरती झाली किंवा वय उलटले की धावणे थांबते. जिममध्ये छाती आणि दंडांवर भर असतो, पायांचा दिवस टाळला जातो. खरे तर जोर-बैठका हा आपल्या तालमींचा जुना जोडव्यायाम. त्यातल्या बैठका मागे पडल्या.

रोज चालणे पुरेसे नाही का?

चालणे हृदयासाठी, साखरेसाठी आणि मनासाठी उत्तम आहे, ते सोडू नये. पण सपाट रस्त्यावर चालताना मांडीवर फारसा जोर पडत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचना म्हणूनच दोन्ही सांगतात. आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम श्रमाची हालचाल आणि त्याशिवाय किमान दोन दिवस स्नायू बळकट करणारा व्यायाम. ६५ वर्षांवरील व्यक्तींनी तोल आणि ताकदीचा व्यायाम आठवड्यातून तीन दिवस करावा, असेही त्यात म्हटले आहे.

नवरात्र आणि कोजागिरीला कर्नाटक, तेलंगणातून तुळजापूरला पायी जाणारे भाविक मैलोन् मैल चालतात. पण वर्षातून एकदा केलेल्या वारीने वर्षभराची ताकद टिकत नाही. त्यासाठी थोडा पण नियमित भार लागतो.

गुडघे दुखत असतील तर?

‘गुडघे झिजलेत, आता हालचाल कमी करा’ हा समज सर्वात जास्त नुकसान करतो. ब्रिटनच्या ‘नाइस’ या आरोग्य संस्थेने २०२२ मध्ये संधिवाताच्या झिजेवर दिलेल्या सूचनांत व्यायाम हा सर्व रुग्णांसाठी मुख्य उपचार मानला आहे.

बर्लिनमधील संशोधकांनी कृत्रिम गुडघ्यात सेन्सर बसवून भार मोजला आहे. सपाट चालताना गुडघ्यावर शरीराच्या वजनाच्या सुमारे अडीच पट, जिना चढताना तीन पटींहून अधिक आणि उतरताना जवळपास साडेतीन पट भार येतो. हा धक्का झेलण्याचे बरेच काम मांडीचे स्नायू करतात. ते दुबळे झाले की गुडघा आणखी दुखतो, दुखतो म्हणून माणूस बसतो आणि बसल्याने स्नायू आणखी दुबळे होतात. हे चक्र हलक्या व्यायामानेच तुटते. सूज, गुडघा अडकणे किंवा रात्री झोपमोड करणारे दुखणे असेल तर आधी डॉक्टरांना दाखवावे.

सत्तरीनंतर सुरू करून उपयोग होतो का?

होतो. बोस्टनमध्ये एका वृद्धाश्रमातील नव्वदीच्या आसपासच्या दहा ज्येष्ठांना मांडीच्या स्नायूंचा वजन लावून व्यायाम देण्यात आला. आठ आठवड्यांत त्यांच्या स्नायूंची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली आणि चालण्याचा वेगही सुधारला. हा अभ्यास १९९० मध्ये प्रसिद्ध झाला. तो लहान होता, पण त्यानंतरच्या अनेक अभ्यासांनी हीच दिशा दाखवली. न्यूझीलंडच्या ‘ओटागो’ कार्यक्रमात ज्येष्ठांना घरच्या घरी पायांचा आणि तोलाचा व्यायाम शिकवला जातो. त्यामुळे पडण्याचे प्रमाण सुमारे एक तृतीयांशाने घटल्याचे आढळले.

घरी तपासणी कशी करायची?

एक साधी खुर्ची भिंतीला टेकवून ठेवा. दोन्ही हात छातीवर घडी करून बसा. ३० सेकंदांत हातांचा आधार न घेता किती वेळा पूर्ण उभे राहता येते, ते मोजा. शेजारी कुणीतरी असू द्या. अमेरिकेच्या सीडीसी या संस्थेने वयानुसार दिलेले आकडे असे आहेत. यापेक्षा कमी वेळा उठता आले तर पडण्याचा धोका जास्त समजतात.

- वय ६० ते ६४ : पुरुष १४, महिला १२
- वय ६५ ते ६९ : पुरुष १२, महिला ११
- वय ७० ते ७४ : पुरुष १२, महिला १०
- वय ७५ ते ७९ : पुरुष ११, महिला १०
- वय ८० ते ८४ : पुरुष १०, महिला ९

आकडा कमी आला म्हणून घाबरू नये. दोन-तीन महिन्यांनी पुन्हा मोजून फरक पाहावा.

सुरुवात कशी करायची?

आठवड्यातून दोन-तीन दिवस, मध्ये एक दिवस विश्रांती. प्रत्येक प्रकार ८ ते १२ वेळा, दोन फेऱ्या. वीस मिनिटे पुरतात.

- खुर्चीतून उठ-बस : सावकाश बसा, जोर लावून उठा. सुरुवातीला हाताचा आधार चालेल.
- ओट्याची पायरी : कठडा धरून एक पाय वर ठेवा, अंग वर उचला, सावकाश उतरा. एसटी चढण्याचा हाच सराव.
- टाचा उचलणे : भिंतीला हात लावून चवड्यांवर उभे राहा.
- कंबर उचलणे : पाठीवर झोपून, गुडघे दुमडून कंबर वर घ्या.
- एका पायावर उभे राहणे : भिंतीजवळ, दहा सेकंदांपासून सुरुवात.

सोपे वाटू लागले की थोडे अवघड करा. खुर्चीऐवजी कमी उंचीचे स्टूल घ्या किंवा हातात पाण्याची बाटली धरा. हे वाढवत नेले नाही तर ताकद तिथेच थांबते. श्वास रोखू नये. छातीत दुखणे, चक्कर, न आवरणारा रक्तदाब किंवा नुकतीच झालेली शस्त्रक्रिया असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय सुरू करू नये.

ताटात काय हवे?

स्नायू प्रथिनांतून बनतात. आयसीएमआर-एनआयएनच्या २०२० च्या शिफारशीनुसार दर किलो वजनामागे रोज ०.८३ ग्रॅम प्रथिने लागतात. म्हणजे ६० किलोच्या व्यक्तीला सुमारे ५० ग्रॅम. ज्येष्ठांना याहून थोडी जास्त लागतात, असे अनेक तज्ज्ञांचे मत आहे.

यासाठी महागडी पावडर लागत नाही. दोन ज्वारीच्या भाकरीतून १० ग्रॅमच्या आसपास, वाटीभर तुरीच्या वरणातून ६-७, पेलाभर दुधातून सुमारे ८, एका अंड्यातून ६ आणि मूठभर शेंगदाण्यांतून ७ ग्रॅमपर्यंत प्रथिने मिळतात. अडचण वेगळीच आहे. दात गेले, भूक मंदावली की ज्येष्ठांचे जेवण चहा, बिस्किट आणि भातावर येते. घरच्यांनी इथे लक्ष द्यायला हवे. मूत्रपिंडाचा आजार असेल तर प्रमाण डॉक्टरांनीच ठरवावे.

सरकार आणि समाजाने काय करावे?

मुख्यमंत्री वयोश्री योजनेत ६५ वर्षांवरील पात्र ज्येष्ठांना काठी, वॉकर, कमोड खुर्ची, गुडघ्याचा पट्टा अशा साधनांसाठी एकदाच ३ हजार रुपये मिळतात. ही मदत गरजेची आहे. पण काठीची वेळ पाच-दहा वर्षे पुढे ढकलण्यासाठी गावात काय सोय आहे?

राष्ट्रीय ज्येष्ठ नागरिक आरोग्य कार्यक्रम २०१०-११ पासून आहे. त्यात जिल्हा रुग्णालयात भौतिकोपचाराची तरतूद आहे. पण उमरग्याहून धाराशिव पाऊणशे किलोमीटरपेक्षा जास्त लांब आहे. ज्याला एसटी चढता येत नाही, त्याला हा उपचार मिळणार कसा? त्यापेक्षा गावच्या आरोग्य उपकेंद्रात आठवड्यातून दोन दिवस दहा-पंधरा ज्येष्ठांचा गट जमवणे स्वस्त पडेल. त्याला दहा खुर्च्या, एक पायरी आणि थोडे प्रशिक्षण घेतलेली आशाताई एवढेच लागते. नगरपालिकांनी खुल्या व्यायामशाळांत हवेत पाय हलवणाऱ्या यंत्रांसोबत कठडा असलेल्या पायऱ्या बांधाव्यात. एसटी महामंडळानेही नव्या गाड्या घेताना पहिली पायरी किती उंच आहे, हे पाहायला हवे.

आणि घरात? आजी पाणी आणायला उठत असेल, आजोबा शेताकडे निघाले असतील, तर ‘तुम्ही बसा, मी आणतो’ म्हणण्याआधी थोडे थांबावे. तोल जात असेल तर सोबत जावे. पण जे काम त्यांच्या पायांना अजून जमते, ते त्यांच्याकडून काढून घेऊ नये.