आधी कुलूप, मग चित्र

2024 च्या दिवाळीत मुलगा शाळेतून कोरमंगलाच्या घरी आला आणि दुसऱ्याच दिवशी सकाळी लॅपटॉप घेऊन माझ्यासमोर उभा राहिला. "बाबा, आजोबांच्या पदकांवर ट्रॅफिक बसलंय!"

माझे वडील मराठा लाइट इन्फंट्रीत होते. बेळगावच्या रेजिमेंटल सेंटरमध्ये गणवेशात काढलेला त्यांचा फोटो मुलाने लॉक स्क्रीनवर ठेवला होता. रात्री लॅपटॉपने अपडेट घेतले आणि सकाळी त्या फोटोवर चार चौकोन उमटले. एकात हवामान, एकात शेअर बाजार, एकात खेळाच्या बातम्या आणि नेमक्या पदकांच्या जागी रस्त्यांवरची रहदारी. सोनी वर्ल्डच्या सिग्नलवरची गर्दी आम्ही खिडकीतून रोज ऐकतो. ती आजोबांच्या छातीवर कुणाला हवी होती? त्यात भर म्हणजे कळ दाबून पासवर्डचे पान आले की तोच फोटो धुक्यात गेल्यासारखा पुसट व्हायचा.

मी उठेपर्यंत मुलाने बरेच काही करून ठेवले होते. फोटो तीनदा बदलून पाहिला होता. कुठून तरी 'वॉलपेपर दुरुस्त करणारा' प्रोग्रॅम उतरवायला लावला होता. शेवटी पुढचे पाच आठवडे अपडेटच थांबवून ठेवले होते. "अपडेटनेच वाट लावली ना? मग अपडेटच नको."

कॅडेट मित्रांनो, या शेवटच्या वाक्याशी माझे भांडण आहे.

संगणक अपडेटनंतर वेगळा वागू लागला की पहिला प्रश्न एकच विचारावा : हा बिघाड आहे की बदल? आमच्या घरी बिघाड काहीच नव्हता. 2024 मध्ये विंडोजने लॉक स्क्रीनवर हवामानाच्या जोडीला बाजार, खेळ आणि रहदारीचे चौकोन आणले. पासवर्डच्या पानामागचे चित्र तर 2019 च्या एका अपडेटपासून मुद्दामच धूसर केले जाते, म्हणजे नजर पासवर्डच्या चौकटीवर राहावी. आपल्याला न विचारता केलेला बदल आवडला नाही, हे म्हणण्याचा आपल्याला पूर्ण हक्क आहे. पण जे मोडलेलेच नाही ते दुरुस्त करायला निघालो, तर चांगले असलेलेही मोडून बसतो.

बदल असेल तर तो बहुतेक वेळा सेटिंग्जमध्ये सापडतो. पर्सनलायझेशनमध्ये लॉक स्क्रीन उघडा. तिथे 'स्पॉटलाइट' निवडलेले असेल तर संगणक इंटरनेटवरून स्वतःच्या पसंतीची चित्रे आणणार. आपला फोटो हवा असेल तर 'पिक्चर' निवडा. त्याच पानावर खाली हवामान वगैरे चौकोनांची निवड असते, ती बंद करता येते. धूसरपणा नको असेल तर रंगांच्या पानावर 'ट्रान्सपरन्सी इफेक्ट्स' बंद करा. मात्र एका वेळी एकच गोष्ट बदला, संगणक लॉक करून परिणाम पाहा, वहीत लिहा आणि मगच पुढची बदला. पाच गोष्टी एकदम बदलल्या तर नेमक्या कशाने जमले, आणि कशाने नवे बिघडले, हे कधीच कळत नाही.

शाळेच्या संगणकावर 'या सेटिंग्ज तुमच्या संस्थेच्या ताब्यात आहेत' अशा अर्थाची ओळ दिसली, तर तिथेच हात थांबवा आणि सरांना सांगा. ती अडचण नसून व्यवस्था आहे. आणि कुठल्याशा अनोळखी जागेवरून दुरुस्तीचा प्रोग्रॅम उतरवू नका. चित्रासाठी दार उघडायचे आणि चोराला आत घ्यायचे, असा तो व्यवहार होतो.

आता अपडेट थांबवण्याबद्दल. 14 मार्च 2017 रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोजमधले एक भगदाड बुजवणारे अपडेट दिले. त्यानंतर जवळपास दोन महिन्यांनी, 12 मे रोजी, 'वॉनाक्राय' नावाचा खंडणीखोर प्रोग्रॅम त्याच भगदाडातून जगभर पसरला. दीडशेहून अधिक देशांत संगणक अडकले. ब्रिटनमध्ये रुग्णालयांना ठरलेल्या शस्त्रक्रिया पुढे ढकलाव्या लागल्या, आणि आपल्याकडे आंध्र प्रदेश पोलिसांच्या काही संगणकांनाही फटका बसला. ज्यांनी मार्चचे अपडेट घेतले होते, त्यांच्यासाठी ते भगदाड बुजलेले होते. बाकीच्यांना 'नंतर बघू' महागात पडले. हे लिहिताना माझाच चेहरा समोर येतो, कारण 'नंतर' या बटणावर मी स्वतः शेकडो वेळा बोट ठेवले आहे.

अपडेट कधीच चुकत नाही, असेही नाही. 19 जुलै 2024 रोजी क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीच्या सदोष अपडेटने विंडोजचे सुमारे 85 लाख संगणक बंद पाडले, आणि आपल्या विमानतळांवर प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास मिळाले. म्हणून परीक्षेच्या किंवा प्रकल्प सादर करण्याच्या आदल्या दिवशी मोठे अपडेट चार दिवस पुढे ढकलणे शहाणपणाचे आहे. महत्त्वाच्या फायलींची दुसरी प्रत ठेवणे त्याहून शहाणपणाचे. पण चित्र रुसले म्हणून अपडेटच बंद करणे हा वेगळा प्रकार आहे. लॉकरवरचे नावाचे स्टिकर निघाले म्हणून तुम्ही कुलूप लावायचे सोडता का?

चित्राबद्दलही एक सांगायचे आहे, विशेषतः पालकांना. लॉक स्क्रीन ही घराबाहेरच्या पाटीसारखी असते. कुलूप न उघडताही ती कुणालाही दिसते. निवृत्त आजोबांचा जुना फोटो तिथे शोभतो. सध्या सेवेत असलेल्या वडिलांचा किंवा काकांचा, तुकडीचे नाव आणि ठिकाण दाखवणारा फोटो तिथे नको. तो अभिमान आतल्या पानावर ठेवावा. आणि जागेवरून उठताना विंडोजच्या चिन्हाची कळ आणि एल एकत्र दाबण्याची सवय लावावी. नाहीतर लॉक स्क्रीन कितीही देखणी असली, तरी तिचा उपयोग काय?

आमच्या घरी शेवटी दुरुस्तीला दहा मिनिटेही लागली नाहीत. उतरवलेला प्रोग्रॅम न उघडताच काढून टाकला, लॅपटॉप व्हायरससाठी तपासला, चौकोन बंद केले, धुके घालवले आणि थांबवलेले अपडेट पुन्हा सुरू केले. मग मी मुलाला विचारले, "आजोबांच्या या फोटोची दुसरी प्रत कुठे आहे?" तो गप्प झाला. दुसरी प्रत नव्हतीच. सकाळभर तो चौकोनांशी लढत होता आणि खरा धोका त्याच्या लक्षातही आला नव्हता : लॅपटॉप बंद पडला असता तर फोटोच गेला असता. त्या दिवशी आम्ही दोन प्रती केल्या, एक पेन ड्राइव्हवर आणि एक छापून आजीच्या कपाटात.

शाळेतल्या सरांना विनंती, संगणकाच्या एका तासाला मुलांकडून हे सगळे हाताने करून घ्या. आणि कॅडेट मित्रांनो, पुढच्या सुट्टीत घरी गेलात की आधी आईबाबांच्या लॅपटॉपचे राहिलेले अपडेट पूर्ण करा, फोटोंची प्रत काढा, आणि मग हवे ते चित्र लावा.