केळीची सवलत कोणाच्या पदरची?

श्रावण जवळ आला की जळगाव व धुळे येथील मोठ्या किराणा-भांडारांच्या दारांवर उपवासाच्या फळांच्या सवलतीच्या पाट्या झळकू लागतात. डझनाचा जुना भाव खोडून शेजारी नवा भाव ठळक अक्षरांत लिहिलेला असतो, व गिऱ्हाईक संतोष पावून केळी पिशवीत घालते. गिऱ्हाइकाचे चार पैसे वाचले तर आम्हांस विषाद वाटण्याचे कारण नाही. परंतु ती सवलत कोणाच्या पदरची, हे विचारणे आम्हां शेतकऱ्यांचे कर्तव्य होय.

आमचे उभे आयुष्य महसुली दप्तरात गेले. तेथे एकाच रकान्यात कोठे एकर व कोठे हेक्टर लिहून बेरीज मांडलेली खपत नसे. केळीच्या व्यापारात मात्र असला प्रकार राजरोस चालतो. रावेर-यावलकडे शेतकऱ्याचा माल क्विंटलावर जातो. दुकानात तोच डझनावर विकला जातो. मध्यम केळीचा डझन सुमारे दीड ते दोन किलो भरतो. उदाहरणादाखल क्विंटलास १२०० रुपये भाव धरला, तर शेतकऱ्याच्या हाती डझनामागे १८ ते २४ रुपये पडतात. आता पाटीवर ‘६० ऐवजी ५०’ असे असेल, तर हे दहा रुपये सोडले कोणी? कापणी, वाहतूक, पिकवण, नासाडी, दुकानभाडे हे खर्च खरे आहेत व ते आम्ही नाकारीत नाही. पण सूट या मधल्या खर्चातून निघाली की बांधावरचा भाव पाडून निघाली, याविषयी पाटी मौन धरते.

बांधावरचा भाव तरी कोठे आपल्या हाती आहे? रावेर तालुक्याचे लक्ष पलीकडच्या प्रांतातील बऱ्हाणपूरच्या भावाकडे लागलेले असते. त्यातही नवती, पिलबाग, कांदेबाग यांचे दर निराळे. गिऱ्हाइकाला यातले काहीच ठाऊक नसते. त्याच्या लेखी ती नुसती केळी. जळगावच्या केळीस २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले, म्हणून नाव तेवढे मोठे झाले.

दोंडाईचाकडचा मिरचीवाला भाव पडला तर वाळलेली मिरची चार दिवस राखून ठेवील. तयार झालेला केळीचा घड असा थांबत नाही, व वैशाखाच्या उन्हात तर मुळीच नाही. आमची अडचण ही, आणि घेणाऱ्यास ती पुरती ठाऊक असते.

भरताच्या वांग्याचे उदाहरण याच्या उलट आहे. चातुर्मासात वांगे वर्ज्य मानणारी घरे चंपाषष्ठीपासून ते पुन्हा खाऊ लागतात व हिवाळाभर भरिताच्या पंगती उठतात. पण वांगी शेतकरी किलोवर विकतो व गिऱ्हाईकही किलोवरच घेते. त्यामुळे आसोद्याचा भाव व जळगावच्या बाजारातील भाव यांत किती अंतर पडले, हे गृहिणीसही तोंडी सांगता येते. केळीच्या बाबतीत ही सोय का नसावी?

भांडारवाल्यांनी डझनाच्या भावाखाली किलोचा भाव लिहावा, ही आमची पहिली मागणी. ते लिहोत वा न लिहोत, आपल्या मंडळाने येत्या श्रावणापासून कचेरीच्या दाराशी एक फळा टांगावा. त्यावर रोज सकाळी त्या दिवसाचा बांधावरचा भाव किलोच्या हिशेबाने लिहावा आणि शेजारी शहरातील दुकानी भाव त्याच मापाने मांडावा. खडू व फळा यांचा खर्च आम्ही देऊ. लिहिणारा तरुण मात्र मंडळाने द्यावा.